बियाला राखलेल्या शेंगा

“आता राख मारून काय उपेग न्हाई, बाई. सकाळी दंव असताना मारायची. आता नुसती उडून जाती.”

मी चवळीच्या मांडवाखालून डोकं बाहेर काढलं. परड्याच्या मागच्या कवाडापाशी एक बाई उभी होती. निळं लुगडं, हातात रिकामी पिशवी, पोटऱ्यांपर्यंत लाल चिखल. ओढ्याच्या वाटेनं आलेली दिसत होती. गावातून येणाऱ्याच्या पायांना एवढा चिखल लागत नाही. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल.

माझ्या हातात राखेचं सूप होतं. वेलांच्या शेंड्यांवर मावा पडला होता, मुंगळे वर-खाली करत होते, आणि मी टाकलेली निम्मी राख खरंच माझ्या केसांत येऊन बसली होती.

“कोण पाहिजे?” मी विचारलं. “आत्ती बाजाराला गेल्यात.”

“ठावं हाय. आज शुक्रवार,” ती म्हणाली. “मला तूच पाहिजे होतीस. आत येऊ?”

आंबेखोल आमचं गाव. आजऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटात. तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. घरात तिघंच: मी, मालक आणि त्यांची आई. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. मी मालकांची दुसरी बायको. पहिली, द्वारका, नांदली नाही, आपल्या पायानं निघून गेली, असं लग्न ठरवताना माझ्या भावाला सांगितलं होतं. आमचे वडील नव्हते. भावाच्या गळ्यात आम्ही दोन बहिणी. त्यानं जास्त विचारलं नाही, आणि मीही नाही.

मी ‘या’ म्हणायच्या आत ती बाई आत आली आणि मागं न बघता तिनं कवाड लावलं. ते कवाड एका अंगाला खचलेलं होतं, थोडं उचलल्याशिवाय आगळ बसत नसे. नव्या माणसाला ते कधी जमायचं नाही. तिनं एका हातानं उचललं आणि आगळ सरकवली. तेव्हाच मला कळलं.

ती सरळ मांडवापाशी गेली. एक फुगलेली शेंग तिनं नखानं उकलली. आत पांढरे दाणे, आणि प्रत्येकाच्या डोळ्याभोवती तांबडा ठिपका. आमच्या घरी तिला टिकलीची चवळी म्हणायचे. गावात दुसऱ्या कुणाकडं ती नव्हती. दाणा बारीक, पण उसळ अशी व्हायची की मालक त्या दिवशी दोन भाकरी जास्त खायचे.

“हाय म्हणायची अजून,” ती म्हणाली. “मला वाटलं, उपटून टाकली असंल.”

“तुमी द्वारका,” मी म्हणाले.

“व्हय.”

मी सूप खाली ठेवलं. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. त्यात राग नव्हता, उत्सुकताही फारशी नव्हती.

“भांडाय आले न्हाई मी. बी मागाय आलेय,” ती म्हणाली. “ही चवळी माझ्या आईची. लग्नात तिनं माझ्या पदराला मूठभर बांधून दिली हुती, तीच मी हितं लावली. आई गेली. भावजयीनं गाडग्यात राख घातली न्हाई, भुंगा लागला, सगळ्याचं पीठ झालं. आता कुठंच न्हाई. हितंच हाय.”

“डब्यात गेल्या सालचं थोडं बी हाय. देऊ?”

“डब्यातलं नको. डब्यातलं कमी झालं की आत्तींना कळतंय. बोलणी तुला बसतील. वेलावरचं दे. वाळू दे, मग येते मी.”

ती मांडवाखाली वाकली आणि बुडाकडच्या शेंगा चाचपू लागली. पहिल्या बहरातल्या, सरळ, भोक न पडलेल्या तेवढ्याच ती निवडत होती. लुगड्याच्या जीर्ण काठाची चिंधी फाडून तिनं एकेका देठाला सैल गाठ मारली.

“बांधलेल्या भाजीला तोडू नको. नंतरच्या बहराचा दाणा चिपाड असतो, तो रुजतो पण वेल धरत न्हाई. ह्या वाजाय लागल्या की काढ. पावसानं घात केला न्हाई, तर दसऱ्यापतूर वाळतील.”

काम झाल्यावर तिनं पाणी मागितलं. मी तांब्या आणायला गेले. मागच्या दारात चुलवणाच्या दगडावर पोर व्हावं म्हणून प्यायच्या माझ्या काढ्याचं भांडं निवत ठेवलेलं होतं. मी परत आले तेव्हा ती झाकण उचलून वास घेत होती.

“अजून त्याच वैदूचा?”

“तुमी पण प्यायलाय?”

“तीन वर्सं,” ती म्हणाली आणि झाकण जागेवर ठेवलं. पाणी प्यायली, पिशवीची घडी केली आणि कवाडाकडं निघाली.

“अक्का,” मी म्हणाले. आधीच्या बायकोला अक्का म्हणायची रीत आहे, पण माझ्या तोंडून तो शब्द आपोआप आला. “दसऱ्याच्या आधी या. दसऱ्याला मी न्हाई. भाऊ न्यायला येणार हाय.”

तिचा हात आगळीवर थांबला.

“कुणी ठरवलं?”

“आत्तींनी. म्हणाल्या, चार वर्सांत दसरा माहेरी केला न्हाईस, जा, हवं तेवढं ऱ्हा. मी येऊ नको म्हणेपतूर ऱ्हा, असं हसून म्हणाल्या.”

“आणि त्येनी?”

“ते काय बोलत न्हाईत.”

“न्हाई,” ती म्हणाली. “ते बोलत न्हाईत.”

ती परत आली आणि धुण्याच्या दगडावर बसली. बराच वेळ ती पायांचा चिखल काडीनं खरवडत होती. मी विचारलं, काय झालं. तिनं मान हलवली.

“दसऱ्याच्या आधी मी येते. मी येऊन गेल्याबिगर तू जायचं न्हाई.”

“तुमच्या बियाचं मी बघते. शेजारच्या तानूकडं ठेवून...”

“बियाचं म्हणत न्हाई मी,” ती म्हणाली, आणि ओढ्याच्या वाटेनं निघून गेली.

आत्तींच्या नजरेतून काही सुटायचं नाही. दुसऱ्या दिवशी भाजीला शेंगा तोडायला त्या स्वतः मांडवाखाली गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली.

“ह्या चिंध्या कुणी बांधल्या?”

“मी,” मी म्हणाले. “बियाला.”

“निळी चिंधी हाय. तुझ्याकडं निळं लुगडं न्हाई.”

मला खोटं रेटता येत नाही. मी सांगितलं, द्वारका आली होती, तिच्या आईचं वाण आहे म्हणाली, बी पाहिजे म्हणाली. आत्तींनी चिंधीची गाठ चाचपली.

“तिच्या आईचं,” त्या म्हणाल्या. “माझ्या परड्यात आलं ते माझं. आपल्या पायानं गेली, आता बी आठवलं व्हय? आणि काय म्हणाली?”

“काय न्हाई.”

“पोराबाळांचं काय बोलली?”

“न्हाई.”

त्यांनी आजूबाजूच्या सगळ्या शेंगा तोडल्या. टोपली भरली. चिंध्यांच्या शेंगांना मात्र हात लावला नाही. मला तेव्हा नवल वाटलं. आता वाटतं, त्यांच्या पोटात काहीतरी कधीपासून डाचत असावं. पण हे माझं आताचं म्हणणं झालं.

संध्याकाळी मालक शेतातून आले. आत्तींनी चुलीपाशी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. द्वारकी आली होती, चोरासारखी मागच्या दारानं आली, बियाला शेंगा बांधून गेली. मालक हात धूत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “परत येणार हाय?”

“येणार म्हणं,” आत्ती म्हणाल्या.

ते जेवायला बसले. बाकी काही बोलले नाहीत. स्वभावच तसा. मारहाण नाही, शिवी नाही, दारूचा थेंब नाही. माझ्या बहिणीचा नवरा बघितला की मला वाटायचं, आपलं नशीब चांगलं. फक्त या माणसाच्या मनात काय चाललंय ते कधी बाहेर यायचं नाही.

शेंगा पिवळ्या पडू लागल्या आणि हस्ताचा पाऊस आला. एकदा पडला की दिवसभर खळ नाही. वाळत आलेल्या शेंगेला असा पाऊस वाईट. साल काळं पडतं, दाणा आतल्या आत मोड धरतो. मी दारात उभी राहून मांडवाकडं बघत होते. चार शेंगांसाठी भिजत जायचं, तेही तिच्यासाठी, म्हणजे आत्ती काय म्हणतील ते मला ठाऊक होतं.

तेवढ्यात मालक गोठ्यातून निघाले. त्यांच्या हातात गोणपाटाची खोळ होती. भातलावणीला डोक्यावर घेतात ती. भिजत ते मांडवापाशी गेले, वेलाचा बुडाकडचा भाग त्यांनी हलक्या हातानं एका बाजूला घेतला आणि त्यावर खोळ पसरून चारी कोपऱ्यांना दगड-काठ्या लावल्या. मग वाकून, पाणी आत जात नाही ना, ते बघितलं. चार वर्षांत त्यांना परड्यात काम करताना मी बघितलं नव्हतं. परडं बायकांचं.

आत्तीही बघत होत्या. “खुळा हाय,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाऊस असेपर्यंत ते रोज सकाळी जाऊन खोळ झटकायचे, ऊन पडलं की काढायचे, ढग आले की घालायचे. मी एकदा म्हणाले, “मी घालते की.” ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, अजून त्यांचा जीव तिच्यात आहे.

नवरात्र बसलं आणि ऊन कडक झालं. शेंगा वाळल्या. हातात घेऊन हलवल्या की खुळखुळ वाजायच्या. मी त्या काढून डालग्यात घातल्या आणि परड्यात उन्हात ठेवल्या. भावाचं येणं ठरलं होतं. माझी पत्र्याची पेटी आत्तींनी स्वतः माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. माझी सगळी लुगडी त्यात भरायला सांगितली होती, जुनीसुद्धा. मी विचारलं, एवढी कशाला. “असू दे, लागतात,” म्हणाल्या.

द्वारका आली ती भाऊ यायच्या आदल्या दिवशी. या वेळी तिच्या कडेवर एक पोर होतं. मुलगी, दोनेक वर्षांची असेल, डोक्याला लाल रिबीन. द्वारकेनं तिला खाली ठेवलं आणि कंबर धरून उभी राहिली. चढानं तिला दम लागला होता.

“एवढ्या लांबनं पोरीला कशाला आणलासा?” मी म्हणाले. “कुणाची?”

ती उत्तर देणार तेवढ्यात ती पोर डालग्यापाशी गेली. तिनं एक शेंग उचलली, हलवली, कानाशी धरली, पुन्हा हलवली.

“आये,” ती म्हणाली, “वाजतंय.”

“वाजतंय व्हय?” द्वारका म्हणाली. “वाजीव.”

मी खाली बसले.

“पोटची?”

“पोटची. मला परत लग्नाला उभी केली भावानं. गवंडी हाय. पहिलं वरीस उलटायच्या आत ही झाली.” ती माझ्यासमोर बसली. “बी न्यायला मी एकटी आले असते. एवढा चढ हिला काखंत घिऊन चढायची मला हौस न्हाई. तुला दाखवाय आणली.”

दारात आत्ती होत्या. हातात पीठ चाळायची चाळण. कधी आल्या होत्या कुणास ठाऊक.

“बी न्यायला आलीस,” त्या म्हणाल्या.

“व्हय, आत्ती. बरं हाय न्हवं?”

“ही कुणाची?”

“माझी.”

“नवऱ्याच्या पहिलीची असंल.”

“माझीच हाय. सुईण तुमच्या भावकीतली सुंदराबाई हुती. तिला विचारा.”

आत्ती पोरीकडं बघत राहिल्या. नाक, कपाळ, हनुवटी, सगळं द्वारकेचं. विचारायची गरजच नव्हती. पोर त्यांच्याकडं गेली आणि हातातली शेंग तिनं वर धरली, तुम्ही वाजवा म्हणून. आत्तींनी ती घेतली. एकदा हलवली, परत तिच्या हातात दिली आणि आत निघून गेल्या. त्यानंतर घरातून चाळणीचा आवाज आला नाही.

आम्ही दोघी शेंगा सोलायला बसलो. टरफलं एका बाजूला, दाणे सुपात. द्वारका आवाज न चढवता बोलत होती.

“मला पण दसऱ्यालाच धाडलं हुतं. भाऊ न्यायला आला, नव्या बांगड्या भरून, हसत गेले मी. पेटीत सगळी लुगडी कशाला भरली ते कळलं न्हाई. परत न्यायला कुणी आलंच न्हाई. भाऊ इचारायला आला तर आत्ती म्हणाल्या, वांझ बाई घरात ठिवून काय करू. हिच्या बापाशी लगीन झालं तवाबी मी त्येला म्हटलं हुतं, माझ्यात खोट हाय, तू फसशील. पोट दिसाय लागलं तरी माझा इस्वास न्हवता.”

मी दाणे सोलत राहिले. बोटं आपलं काम करत होती.

“तू जा न्हाईतर ऱ्हा,” ती म्हणाली, “ते मी सांगणार न्हाई. पण खोट डोक्यावर घिऊन जाऊ नको.”

बी निवडून झालं. किडकं, सुरकुतलेलं बाजूला काढलं. मी सगळं तिच्या पिशवीत ओतू लागले तर तिनं सूप धरलं.

“निम्मं तू ठेव. बी एका घरात ठिवू नये. माझ्याकडचं गेलं तर तुझ्याकडनं न्हील, तुझं गेलं तर माझ्याकडनं.”

निघताना तिनं पोरीला उचललं आणि मग म्हणाली, “आणि एक. त्येना ठावं हाय.”

“काय?”

“हिचं. गेल्या उन्हाळ्यात आजऱ्याच्या बाजारात समोरासमोर आलो. ही कडेवर हुती. त्येनी इचारलं, कुणाची. मी म्हटलं, माझी. हिच्या हातात चिरमुऱ्याचा पुडा दिला आणि गेले. मला वाटलं, घरात सांगितलं असंल.”

मालक ओढ्याकडच्या भाताच्या खाचरात होते, बांध घालत. भात पोटरीतून बाहेर पडून वाकलं होतं. मी बांधावर उभी राहिले. शेतात मी भाकरी घेऊन जायची, त्या दिवशी हात रिकामे होते. त्यांनी ते बघितलं आणि खोरं टेकवलं.

“आली हुती?” त्यांनी विचारलं.

“बाजारात तिची पोर बघितली हुती तुमी?”

“व्हय.”

“गेल्या उन्हाळ्यात?”

“व्हय.”

“गेल्या उन्हाळ्यापासनं मी काढा पितेय. सोमवार धरलेत. पावसात आत्तींच्या संगं त्या देवर्षाकडं जाऊन आले, त्येनं काय काय केलं ते तुमाला सांगितलं हुतं मी. तुमी ऐकून घेतलं.”

ते खाली बघत होते.

“आईला कसं सांगू?” ते म्हणाले.

“आईला नका सांगू. मला सांगायचं हुतं.”

त्यांनी परत खोरं उचललं. मी परत फिरले आणि मग आठवलं म्हणून थांबले.

“त्या शेंगांवर खोळ घातलीसा ती कशापायी?”

“शेंगा कुजल्या असत्या तर ती कशाला आली असती?”

“ती आली की मला कळणार, हे ठावं हुतं तुमाला.”

“व्हय,” ते म्हणाले. “म्हणून घातली.”

माझं चार वर्षांचं रडू तिथं यायला हवं होतं. आलं नाही. मला फक्त एवढंच वाटलं, की जे आपल्या तोंडानं सांगायचं ते या माणसानं चवळीच्या शेंगांवर सोपवलं. पावसात भिजून त्या राखल्या, पण दोन शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. आत्तींनी पुरण घातलं. जेवताना भाऊच एकटा बोलत होता, तंबाखूचं पीक, एसटीची गर्दी, त्याच्या पोराचं दुखणं. मालकांनी त्याला आग्रह करून तूप वाढलं. मी भावाला माजघरात बोलावून सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मग चल. परत पाठवणार न्हाई मी. तुझं वय काय झालंय?”

“चला,” मी म्हणाले.

पेटीत सगळी लुगडी होतीच.

फाट्यावर एसटी दुपारी यायची. भावानं पेटी डोक्यावर घेतली. मालक दारापर्यंत आले आणि उंबऱ्यातच थांबले. मी पाया पडले नाही. थोडं पुढं गेल्यावर मागं पायांचा आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर आत्ती येत होत्या. डोक्यावर पदर, पायात वहाणा नाहीत. गुडघे दुखतात म्हणून त्या देवळाच्या पलीकडं कधी जात नसत. भाऊ म्हणाला, “तुमी कशाला?” त्यांनी उत्तर दिलं नाही.

फाट्यावर वडाखाली गावातल्या चार-पाच बायका एसटीची वाट बघत बसल्या होत्या. त्यातली हौसाकाकू पेटीकडं बघून म्हणाली, “माहेरी व्हय गं? मोठी पेटी घेतलीस. द्वारकी पण अशीच मोठी पेटी घिऊन गेली हुती बघ.” बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या.

भावाचे कान लाल झाले. तेवढ्यात आत्ती पुढं आल्या. चालून त्यांना धाप लागली होती, म्हणून पहिला शब्द नीट फुटला नाही.

“द्वारकीला मी धाडली,” त्या म्हणाल्या. “ती गेली न्हाई. मी धाडली. आणि तिच्यात खोट न्हवती. हिच्यात पण न्हाई. माझ्या पोरात हाय.”

आपल्या एकुलत्या एका मुलाविषयी, गावाच्या फाट्यावर, हौसाकाकूसमोर. सांजपर्यंत ते सगळ्या आळीत जाणार होतं आणि आत्तींना ते माझ्याहून चांगलं माहीत होतं. त्या तिथंच उभ्या राहिल्या, एसटी येईपर्यंत. मी चढले. खिडकीतून बघितलं तर त्या एकट्याच गावाकडं चालत होत्या, कडेनं, हळूहळू.

माहेरी मी दिवाळी केली. भाऊ बोलल्याप्रमाणं कामाला लागला. निपाणीकडचा एक माणूस बघूनही गेला. वखारीत कामाला होता, बायको वारलेली, बोलायला चांगला. भावजय म्हणाली, असं स्थळ परत येणार नाही. मालक आले नाहीत. निरोपही नाही. मी त्याची वाट बघत होते असंही नाही.

वखारीतल्या माणसाचा होकार आला त्या आठवड्यात मी भावाला म्हणाले, मी आंबेखोलला जाते. तो ओरडला, मग भावजयीनं समजावलं, मग तो गप्प झाला. का जातेस, असं दोघांनी विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. आजही येत नाही. फाट्यावरचं आत्तींचं बोलणं कानातून जात नव्हतं, हे एक. आणि दुसरं, की या खेपेला मला कुणी धाडत नव्हतं, कुणी न्यायलाही आलं नव्हतं.

फाट्यावर उतरून मी चालत गेले. आत्ती अंगणात नाचणी पाखडत होत्या. त्यांनी आधी माझ्या मागं बघितलं, कुणी आहे का.

“एकटीच?”

“एकटीच.”

“पेटी?”

“फाट्यावर दुकानात ठेवलीय.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. सुनेच्या हातातलं ओझं सासूनं घ्यायची आमच्याकडं रीत नाही. “पाय धू,” म्हणाल्या. “चहा ठेवते.”

मालक दिवे लागायच्या वेळी आले. पेटी त्यांच्या खांद्यावर होती. दुकानदारानं सांगितलं असणार. त्यांनी ती आत नेऊन ठेवली आणि चुलीसमोर, माझ्यापासून थोडं लांब बसले. आत्ती उठून बाहेर गेल्या.

“आपल्याला पोर न्हाई व्हायचं,” ते म्हणाले.

“न्हाई व्हायचं.”

झालंही नाही.

मी तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, एवढंच. मग ते म्हणाले, “मी तुला सांगाय पाहिजे हुतं.”

“व्हय,” मी म्हणाले, “पाहिजे हुतं.” आणि ताट त्यांच्यापुढं सरकवलं.